पुकारू नये ते नाव

(एलिस स्प्रिंग्ज. विद्यार्थ्यांच्या सरकारी भत्त्याची कचेरी, चार नंबरची खिडकी. आत ग्लेनिसबाई, समोर दूरच्या आदिवासी वस्तीतून आलेली मर्टल आजी आणि तिची अकरावीतली नात.)

ग्लेनिस : अहो, तीनदा पुकारलं मी हिचं नाव! समोरच बसून होतात दोघी. नंबर गेला असता ना.

आजी : ते नाव आता कुणी घेत नाही, बाई. हिला जिचं नाव ठेवलं होतं, ती माझी धाकटी बहीण मार्चमध्ये गेली. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं नसतं, लिहायचंही नसतं. सध्या हिला कुमंजाई म्हणायचं, असं नाव अडलं की आमच्यात कुणालाही तेच म्हणतात.

ग्लेनिस : बरं, कुमंजाई तर कुमंजाई. हे बघ बाळा, शाळेचा अहवाल आलाय. एकेचाळीस दिवस गैरहजर आणि एकही पेपर दिलेला नाही. अभ्यास पुढे सरकत नसेल तर भत्ता बंद होतो.

नात : मी रोज शाळेत होते.

ग्लेनिस : इथे तर सगळ्या फुल्याच दिसतायत.

नात : दुसऱ्या बाकावर बसते मी. आधीच्या बाईंना ठाऊक होतं, त्या नुसतं बघून हजेरी मांडायच्या. त्यांची बदली झाली. नवे सर ते नाव पुकारतात. मी कशी ओ देणार?

ग्लेनिस : मग सांगायचं ना त्यांना!

नात : सांगितलं. म्हणाले, ओ दिल्याशिवाय हजेरी नाही.

आजी : डोळे काय घरी ठेवून येतो का तो?

ग्लेनिस : आणि पेपर?

नात : सगळे लिहिलेत. वर नाव नाही टाकलं.

ग्लेनिस : अगं बाई...

आजी : भत्ता गेला की हिची हॉस्टेलमधली खाट जाते. मग चल माझ्याबरोबर घरी, चारशे किलोमीटर. तिथे कुठली आलीय अकरावी? आमच्या घरातून इथवर पोचलेली ही एकटी. काहीतरी कर ना गं.

ग्लेनिस : एक अर्ज आहे. मुलाचा दोष नसताना अडचण आली, असा. शुक्रवारपर्यंत दिला तर भत्ता चालू राहील. फक्त हिने स्वतःच्या हाताने पूर्ण नाव लिहायचं. तीच सही.

नात : कुमंजाई लिहिलं तर?

ग्लेनिस : नाही चालत गं. जन्माच्या दाखल्यावरचंच लागतं.

आजी : मग तू लिही! तुला कोण अडवतंय?

ग्लेनिस : तिची सही मी केली तर उद्या मीच घरी बसेन, आजी.

नात : आजी, एकदाच लिहू? कुणाला नाही कळणार.

आजी : माझ्या बहिणीने तुला कडेवर घेऊन वाढवलं, पोरी. लिही कसं म्हणू? आणि नको तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

ग्लेनिस : किती दिवस पाळता हे?

आजी : घरातले सगळे पुरे म्हणतील तोवर. वर्ष जाईल, दोन जातील.

ग्लेनिस : मला खरंच वाईट वाटतंय. पण शुक्रवारच्या पुढे माझ्या हातात काही नाही.

नात : राहू दे. शाळा सोडायची असेल तर काय करावं लागतं?

ग्लेनिस : त्याचा वेगळा फॉर्म असतो.

नात : त्याच्यावरही नाव लिहायचं?

ग्लेनिस : ...हो गं.