भिजवलेल्या गुंजा

नेत्रा: आजी, सोफ्याखाली पण नाहीये.

रत्नप्रभा: नीट बग. बॅटरी फुडे घे, त्या पायाच्या पाठी. लाल कायतरी दिसता?

नेत्रा: ते खडूचं टोक आहे. माझं हरवलेलं.

रत्नप्रभा: ता ठेव थयच. वाटीतल्यो परत मोज.

नेत्रा: तीनदा मोजल्या गं. वीसच येतात.

रत्नप्रभा: एकवीस होत्यो. काल रात्री मीच मोजून पाण्यात घातलेल्यो. तुझ्या मनगटाक एकवीस लागतत.

नेत्रा: आता ब्रेसलेट होणार नाही का? सोमवारी न्यायचंय शाळेत. टीचर बोलल्यात, झाडापासून मिळालेलं काहीतरी बनवून आणा.

रत्नप्रभा: शाळेचा रवांदे. चैतून ओढल्यान, दोरो तुटलो, तेवा तू बाजूक होतंस ना? त्याच्या मुठीत किती होत्यो?

नेत्रा: मला नाही माहीत. त्याने सगळीकडे फेकल्या.

रत्नप्रभा: तोंडात घातल्यान काय? खरा सांग बाय. मी ओरडणार नाय.

नेत्रा: तो सगळंच तोंडात घालतो ना.

रत्नप्रभा: चैतू, आ कर. आ कर रे माझ्या राजा. चावतंस काय माका, बोट फिरवूक दी. कायव नाय. गालात नाय, जिबेखाली नाय. म्हणजे गेली खाली. देवा म्हाराजा. नेत्रा, मम्माक बोलव.

नेत्रा: ती कॉलवर आहे. दार लावलंय. तिने सांगितलंय, घराला आग लागली तरच ठोका.

रत्नप्रभा: ठोक.

नेत्रा: पण आजी...

रत्नप्रभा: ठोक म्हणतंय ना.

रुचिरा: नेत्रा, काय सांगितलं होतं मी? माझं प्रेझेंटेशन चालू आहे, पाच मिनिटं तरी... आई? तुम्ही खाली का बसलाय? रडताय का?

रत्नप्रभा: रुचिरा, आधी ह्याका घे. एक गुंज मिळत नाय.

रुचिरा: कसली गुंज?

रत्नप्रभा: ह्यो. वाटीतल्यो. गावसून डब्यात आणलेल्यो. सोनार वजनाक वापरायचे पूर्वी.

रुचिरा: ही लाल बी? काळ्या ठिपक्याची? आई, बीच आहे ना. परवा त्याने सीताफळाची गिळली, सकाळी निघाली डायपरमध्ये. केवढी घाबरले मी तुम्हाला बघून.

रत्नप्रभा: ही तशी नाय गो. अख्खी, सुकी गेली तर जाता तशीच निघून. कवच दगडासारखा असता. पण हेंका मी भोका पाडलंय. रात्रभर भिजवलंय आणि सुई घातलंय.

रुचिरा: मग?

रत्नप्रभा: मग आतला भायर येता. विष आसा ता.

रुचिरा: काय?

रत्नप्रभा: आमच्या वाडीत कोणीतरी भिजवलेली कुटून गायच्या पाड्याक चारल्यान होती, दुष्टाव्यान. तिसऱ्या दिसाक पाडो गेलो. डोळ्यांनी बगलंय.

रुचिरा: हे माहीत होतं तुम्हाला? माहीत असून तुम्ही माझ्या पोरांच्या हातात दिल्यात?

रत्नप्रभा: आमी एवडीशी होतंव तेवापासून ओवतंव. गळ्यात घालूक चालता, गळ्याखाली नाय, असा आमची आवस सांगायची. मी मदी बसलेलंय. चैतूक लांब ठेवलेला. दाराची बेल वाजली म्हणान उठलंय, दोनच मिनटां... मीठपाणी करतंय. उलटी काढूया.

रुचिरा: थांबा. त्याला काही पाजू नका. हात लावू नका. मी डॉक्टरांना लावते. उचल ना, उचल, उचल... हॅलो, मॅडम, मी चैतन्यची आई, विक्रोळीहून. मॅडम, त्याने बहुतेक गुंज गिळलीय. हो, तीच, लाल. भोक पाडलेली. नाही, आम्ही बघितलं नाही, पण एक मिळत नाहीये. दीड वर्ष. अकरा किलो. उलटी नाही, खेळतोय, हसतोय पण. किती वेळ झाला? आई, किती वेळ झाला?

रत्नप्रभा: अर्दो तास.

रुचिरा: अर्धा तास. बरं. हो. काही पाजायचं नाही, उलटी काढायची नाही. राहिलेल्या बिया सोबत आणते. निघतोच आम्ही. आई, ती वाटी पिशवीत घाला. चप्पल घाल नेत्रा. तुझी चप्पल कुठेय?

नेत्रा: मी पण येऊ?

रुचिरा: मग काय घरी एकटी राहणार? चल.

रत्नप्रभा: लॅपटॉपात कोणतरी तुका हाक मारता.

रुचिरा: मारू दे.

नेत्रा: मम्मा, रिक्षा आली.

रुचिरा: भैया, घाटकोपर. हायवे से लो, और जल्दी लो, बच्चे को हॉस्पिटल ले जाना है. आई, तुम्ही आधी बसा. नेत्रा, मध्ये. चैतू, झोपू नकोस रे. बघ, बस बघ, केवढी मोठी बस.

रत्नप्रभा: त्याची झोपाची वेळ आसा. रोज ह्याच वेळाक झोपता.

रुचिरा: मला माहितीय माझं मूल कधी झोपतं ते.

रत्नप्रभा: तसा नाय म्हटलंय.

रुचिरा: सहा महिने झाले आई तुम्हाला येऊन. मी काही बोलले का? पुरणाचं पातेलं दिलंत ढवळायला, हात भाजला नेत्राचा, तरी बोलले नाही. मातीचा नागोबा करताना घरभर चिखल झाला, बोलले नाही. उलट ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, आमच्याकडे मुलांना मोबाइल लागत नाही, आजी आहे. शेखी मिरवत होते मी.

रत्नप्रभा: बोल गो. बोल काय ता. माझा आयकूचाच आसा.

नेत्रा: मम्मा, मला मळमळतंय.

रुचिरा: तुला रिक्षात नेहमीच मळमळतं. बाहेर बघ.

नेत्रा: पोटात पण होतंय.

रुचिरा: नेत्रा, प्लीज. आत्ता नको. तू मोठी आहेस ना? भैया, बीच में से निकालो ना, जगह तो है.

रत्नप्रभा: माझ्या खांद्याक टेक बाय. गप रव जरा. मम्मा घाबरलेली आसा.

नेत्रा: तू पण घाबरलीयस.

(घाटकोपरच्या हॉस्पिटलात. रुचिरा चैतन्यला घेऊन आत गेली आहे. आजी आणि नात दाराबाहेरच्या बाकावर.)

नेत्रा: आजी, बाळ मरणार का?

रत्नप्रभा: असा बोलू नये. डॉक्टर बगतत ना त्याका.

नेत्रा: एकच खाल्ली तरी मरतात?

रत्नप्रभा: नाय. गप बस. देवाचा नाव घे.

नेत्रा: आणि चावून थुंकली तर?

रत्नप्रभा: थुंकली तर बराच. पण तो इतको ल्हान, तो खंय थुंकतलो... कोण थुंकला?

नेत्रा: कोणी नाही.

रत्नप्रभा: नेत्रा, माझ्याकडे बग. अशी घामाघूम कित्याक झालंस? हयसर तर पंखो आसा.

नेत्रा: तू ओरडशील.

रत्नप्रभा: तुझ्या आजोबांची शपथ, ओरडणार नाय.

नेत्रा: मम्माला सांगशील.

रत्नप्रभा: आधी माका सांग.

नेत्रा: तू गोष्ट सांगितलीस ना, तुम्ही लहान होता तेव्हा गुंजेचा पाला खायचात. गोड लागतो बोललीस. विड्यात पण घालतात बोललीस. मग मी बघितलं, बी पण गोड आहे का.

रत्नप्रभा: कवा?

नेत्रा: सकाळी. ओवत होतो तेव्हा. तू कुकरकडे गेलीस.

रत्नप्रभा: माझे आये. सकाळी? आता चार वाजान गेले. बाय, मी सांगितलंय ना तुका, तोंडात घालूची नाय म्हणान?

नेत्रा: तू बोललीस, बाळाला देऊ नको, बाळ तोंडात घालेल. मी नाही दिली बाळाला. मी माझ्यातली खाल्ली.

रत्नप्रभा: मगे मगापासून सोफ्याखाली काय शोधत होतंस?

नेत्रा: तू शोध बोललीस.

रत्नप्रभा: चावलंस?

नेत्रा: मऊ होती. एकदम कडू. मग मी बेसिनमध्ये थुंकली. थोडी गेली.

रत्नप्रभा: थोडी म्हणजे किती? अर्दी?

नेत्रा: माहीत नाही. आजी, मला खूप मळमळतंय. रिक्षा तर गेली ना, तरी पण.

रत्नप्रभा: उट. नको, चलू नको, मी उचलतंय. मानेक हात घाल. घट्ट धर. रुचिरा! दार उघडा कोणतरी. रुचिरा, चैतू नाय गो. चैतून कायव खाल्ल्यान नाय. ही. ही आपली नेत्रा.

०

रुचिरा: झोपली. सलाइन चालू आहे, हात हलवू देऊ नका तिचा.

रत्नप्रभा: परत उलटी झाली?

रुचिरा: आतापर्यंत चार. डॉक्टर बोलले, होणारच. चैतूला शेजारच्या प्रियंकाने नेलंय घरी. त्याला काही नाही. दूध पिऊन झोपला पण.

रत्नप्रभा: आणि ही? काय बोललो डॉक्टर? माका मराठीत सांग, मगाशी माका कायव कळाक नाय.

रुचिरा: ह्या विषाला उतारा नसतो म्हणे. पाणी चढवत राहायचं, रोज रक्त तपासायचं. किडनी, लिव्हर, सगळं. दोन-तीन दिवस ठेवतील. थुंकली ते फार बरं झालं, बोलले. थोडंसंच गेलं असेल तर निभावेल.

रत्नप्रभा: आणि जास्त गेला आसात तर?

रुचिरा: ते मी विचारलं नाही.

रत्नप्रभा: बरा केलंस.

रुचिरा: आई, तुम्ही काही खाल्लं नाही दुपारपासून.

रत्नप्रभा: माका नको. रुचिरा, आयक. सुकी आसती तर हिच्या दातांक ती फुटली नसती. कोणाच्याच फुटणा नाय. माका भीती काय, तर सुई टोचात हिका. म्हणान भिजवलंय. मऊ झाल्यो की सुई सरळ जाता. सगळा काळजीनच केलंय बग. आणि बारक्याक जपा, बारक्याक जपा, ह्याच सांगत रवलंय हिका दिसभर. ही शाणी म्हणान हिच्यासाटी एक शब्द नाय काडूक.

रुचिरा: पुरे आता.

रत्नप्रभा: ही बरी झाली की माका गावाक धाड. माझो सुबोध विचारीत, तर आवशीन केल्यान म्हणान सांग. मी सोताच सांगतंय. तुझ्यावर येऊक नको.

रुचिरा: तो बंगलोरहून निघालाय. विमान उतरलं असेल आता. आई, मला एक बोलायचंय. तुम्ही मध्ये बोलू नका, नाहीतर माझ्याने होणार नाही.

रत्नप्रभा: बोल.

रुचिरा: सकाळी अकराला ती माझ्या खोलीत आली होती.

रत्नप्रभा: नेत्रा?

रुचिरा: माझा कॅमेरा चालू होता. ती दारातच उभी राहिली, म्हणाली, मम्मा, तोंड कडू झालंय. मी वर बघितलं पण नाही. हातानेच खूण केली, जा, आजीकडे जा. ती थोडा वेळ थांबली. मला कळत होतं, ती थांबलीय. मग दार लावून गेली. आवाज न करता लावलं, मी शिकवलंय तसं.

रत्नप्रभा: माझ्याकडे इली नाय ती.

रुचिरा: तुम्ही चैतूला भरवत होतात.

रत्नप्रभा: होय. भात भरवत होतंय. तो अकराक जेवता.

रुचिरा: पाच तास, आई. तेव्हाच आणली असती तर. आणि रिक्षात बोलली ती, पोटात होतंय. मी काय बोलले? मोठी आहेस ना. अजून सात पण पूर्ण नाहीत तिला.

रत्नप्रभा: रडू नको. रडलंस तर उटात ती.

रुचिरा: मला भीती वाटतेय. ती झोपलीय तर मी दर मिनिटाला तिचं पोट बघतेय, हलतंय का. तुम्ही नका जाऊ कुठे. दोन रात्री मी एकटी नाही बघू शकणार हे.

रत्नप्रभा: खंय जातंय मी. सरक. हयसर बसतंय. तू त्या बाजूक बस, सुयेचो हात सांबाळ.

रुचिरा: फोन वाजतोय. सुबोधचा. तुम्ही घ्या ना, मी तिचा हात धरलाय.

रत्नप्रभा: आण हयसर. हॅलो. होय रे बाबा, मी आये. उतारलंस? बरा. नाय, चैतू नाय, चैतू घराकडे आसा. नेत्रा. सगळा सांगतंय, तू ये आधी. रिक्षा-टॅक्सी मिळात ती घे आणि सांबाळून ये. होय, झोपली आसा. रुचिरापण आसा. आमी दोघी तिच्या उशाक बसलंव.