उन्हात घातलेला प्रबंध

माझ्यावर कुणीसुद्धा विश्वास ठेवला नाही बघा! आमच्या भोरच्या घरात माधव भाड्यानं राहायचा. सहकारी सोसायट्यांचे हिशेब गणकयंत्रावर कसे मांडायचे, यावर त्याची पीएचडी चाललेली. त्यासाठी यंत्रानं वाचायची, भोकं पाडलेली कार्डं त्यानं क्रमानं लावली होती. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला न्यायची होती, आणि दुपारी तो बघतो तर माझ्या मिरच्यांशेजारी रांगेनं उन्हात पसरलेली! वारं सुटायला लागलेलं.

माधव पांढराफटक पडला. "काकू, कुठल्या टोकापासून मांडलीत? लवकर सांगा, क्रम गेला तर सगळं गेलं!"

"म्या न्हाई मांडली. भोकं बघून ह्यांना वाटलं, कसर लागली. ह्यांनाच विचार."

हे खाली मान घालून मिरच्या चाळवायला लागले. सासूबाई कडाडल्या, "वाळवण घालणं बाईचं काम! माझ्या लेकावर ढकलतीस? खरी असशील तर नाव घेऊन सांग."

लग्नापासून नवऱ्याचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात कडेचं एक कार्ड उडालं. माधवचे डोळे भरून आले. अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं मी ओरडले, "खंडेराव!"