शब्बीरभाईंचा हिरवा खडा

फाउंड्रीचा विषय निघाला की मला शब्बीरभाईच आठवतात. सुदुंबऱ्याजवळ आम्ही खडी क्रशरचे मँगनीज स्टीलचे जबडे ओतायचो. साधी वाळू त्या पोलादाला चिकटून बसते, म्हणून साच्याला ऑलिव्हीनची हिरवट वाळू लागायची. साचे भरायचे शब्बीरभाई.

एकदा लॅबमधले साहेब सहज म्हणाले, "अंगठीत हिरवा पेरिडॉट असतो ना, तो म्हणजे हेच खनिज."

शब्बीरभाई थबकले. त्यांच्या बायकोच्या, नसीमभाभींच्या, निकाहातल्या अंगठीचा हिरवा खडा मळवलीला भातलावणी करताना चिखलात गेला होता. भाभी ती अंगठी तशीच रिकामी घालायच्या.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शब्बीरभाई चाळणीवर उरलेले जाड खडे निवडत बसायचे. पोरं चिडवायची, "चाचा, हिरा सापडला का?"

"हिरा नगं रं, हिरवा पायजे."

आणि एक दिवस सापडला. अगदी स्वच्छ, पण तांदळाच्या कणीएवढा. सोनार म्हणाला, "चाचा, हा बसवू कशात?"

"तुमी कायबी करा. मी हितंच बसतो."

शेवटी सोनारानं इवलंसं नवं कोंदण केलं.

आता फाउंड्री राहिली नाही, तिथं गोदामं झालीत. परवा शब्बीरभाईंकडे चहाला गेलो, तेव्हा भाभींच्या हाताकडे निरखून पाहिलं. "भाभी, खडा दिसत नाही. परत पडला की काय?"

भाभींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. "ह्यो लावून बघा, भाऊ. आमी दोघं बी तसंच बघतो."