आंटींच्या शेजारची जागा

दुबईत चर्च सापडतं रे, आपलं माणूस सापडत नाही. मी इंटरनॅशनल सिटीत राहायला आलो, तेव्हा रूममेट शाजी म्हणाला, "यल्ला, मेरे साथ चल." त्याच्या गाडीत जागा होती, म्हणून दर रविवारी मी त्याच्यासोबत चर्चमधल्या मल्याळी मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायला लागलो. मला मल्याळमचं अक्षर येत नाही! पण सगळे गात असताना गप्प कसं बसायचं? शेजारी कायम एक आंटी असायच्या. त्यांचे ओठ हलले की मी माझे हलवायचो. पाच महिने आमची ओळख म्हणजे नुसतं हसणं.

एकदा मिस्सा सुटल्यावर आम्ही अंगणात चहा पीत होतो, तेवढ्यात आंटींचा फोन वाजला.

"हां गो बाय, सुके बोंबील पाठव. आपल्या वसईचेच हां!"

माझा चहा सांडला. "आंटी, तुम्ही वसईच्या? मीपण!"

"अरे देवा! मला वाटलं तू केरळचा. मी तर माझ्या मल्याळी शेजारणीच्या गाडीतून येते."

"मग एवढं छान मल्याळम कसं गाता? मी तुमचेच ओठ बघून गातो."

आंटींनी कपाळावर हात मारला.

"मेल्या, मी तुझे बघून गात होते!"