निसटणारा थर्ड

अड्याळच्या गॅरेजात स्कूटीचं पंक्चर निघेपर्यंत शालू बाकड्यावर मोबाइल बघत बसली होती. तेवढ्यात भुपेंद्र बापाची जुनी जीप घेऊन आला, आणि तिचं लक्ष मोबाइलवरून उडालं ते उडालंच.

"मिस्त्री, गिअरबॉक्स पहिल्यासारखा करून दे."

"केला ना बाप्पा! सारा गिअरबॉक्स खोलून बांधला, गिअर नवे टाकले. थर्ड अजून निसटून राहिला का?"

"नाही निसटत. तेच तर लफडं हाये."

"म्हंजे?"

"पहिले निसटे, म्हणून आई बाबाच्या बाजूले बसून गिअरची दांडी धरून राहे. लगन झाल्यापासून."

"आता धरा नाही लागत."

"म्हणून आई मांगं बसते. म्हणते, समोर माहं काय काम?"

"मंग बसू दे ना मांगं."

"बाबा थर्ड टाकतच नाही. सेकंडवरच घरघर करत बाजारात जाते."

"काहून?"

"मले का मालूम! म्हणते, मिस्त्रीले सांग, थोडासा बिघडव."

"चांगला गिअर बिघडवू कसा, भाऊ?"

"दांडी धरा लागन, इतकाच. अन् आईले सांगू नको म्हणे."

"नाही सांगत."

"पण मिस्त्री, आईनंबी सकाळी हेच सांगून पाठवलं. म्हणे, बाबाले सांगू नको."