पाठ लागली नव्हती

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, तालमीतल्या भावांनो, आणि मागे भिंतीपाशी उभ्या असलेल्या माझ्या मायबहिणींनो,

आधी काय काय आलं ते सांगते. घरचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून सभेचाही मलाच सांगायला लावलाय. चौसाळ्याच्या मंडळींकडून झेंडूचे हार आले. दत्तूच्या तसबिरीला चौकट केली, काचेसकट साडेतीन रुपये, निजामाच्या हाली शिक्क्याचे. सतरंज्या शंकरअप्पांच्या दुकानातून आल्या, भाडं नको म्हणाले. नारळ आले ते देवीकडे जातील. दत्तू अंथरुणाला खिळला होता तेव्हा यातलं काही आलं नाही. एक लिंबूसुद्धा आलं नाही. हिशेब संपला.

मला बोलणं जड जातंय. दत्तू माझा दीर. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा तो माझ्या खांद्याला लागत होता आणि धाकटा माधव माझ्या कडेवर होता. सासूबाई लवकर गेल्या. दोघांना मी जेवू घातलं, दोघांना मी अक्षरं गिरवायला लावली. गेल्या सोमवारी फिट आली आणि दत्तू गेला. बाईमाणसानं सभेत उभं राहू नये हे मला कळतं. आमचे हे समोर बसलेत, त्यांना विचारून उभी आहे. आणि एकाच कामासाठी उभी आहे. येत्या मार्गशीर्षात, देवीच्या जत्रेत, दत्तूच्या नावानं मुठींची कुस्ती ठरवलीत आणि तीत माधवला उभं करायचं ठरवलंत. माधवनं तिथं उभं राहू नये. तेवढ्यासाठी बोलते.

आज तुम्ही सगळे दत्तूच्या आठवणी सांगत होतात. मी ऐकत होते. गोऱ्या पलटणीच्या छावणीतल्या बावर्च्याची आठवण निघाली. तो बावर्ची हात फिरवत, गाणं म्हणत आला आणि दत्तूच्या पहिल्याच ठोशाला रिंगणाच्या दोरावर जाऊन लटकला. पंचा वाळत घातल्यासारखा. ते ऐकून शोकसभा असूनही तुम्ही हसलात. मीही पदराआड हसले. खोटं कशाला बोलू? मग कोणी सांगितलं, दत्तूच्या हातातला चामडी मोजा फाटला आणि त्यातले घोड्याचे केस समोरच्याच्या नाकात गेले. तो शिंकत राहिला आणि दत्तू हात खाली सोडून म्हणाला, "शिंकून घे बाबा, मग बघू." हेही खरं. असाच होता तो.

माझी आठवण वेगळी आहे. गोठ्यात त्यानं सरकीचं पोतं टांगलं होतं. रोज पहाटे धपाधप आवाज. मी म्हणायचे, "भाऊजी, गाईला वैरण गोड लागंना तुमच्या आवाजानं." तर म्हणायचा, "वैनी, गाईला सांगा, तिचा दीर लई मोठा होणार हाय." पोतं उसवलं की मीच शिवायची.

एकदा पोतं शिवताना मी विचारलं, "माणसानं माणसाच्या तोंडावर मारायचं, हा कसला खेळ?" तो माझ्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "तसं न्हाई वैनी. कुस्तीपरीस ह्यात माया हाय. माणूस पडला की पंच साहेब आकडे म्हनतो, दहापतुर. तवर कुनी हात लावायचा न्हाई. उठावं वाटलं तर उठायचं. न्हाई वाटलं तर बसून ऱ्हायचं. दहा झाले की संपलं. घरी जायचं, भाकर खायची."

मंडळी, हा त्या खेळाचा कायदा होता. दत्तूनं तो मला सांगितला. तुम्हाला कोणी सांगितला नाही, आणि तुम्ही विचारला नाही. तुम्ही त्याला मुठींची कुस्ती म्हणालात आणि कुस्तीचाच कायदा लावून मोकळे झालात. पाठ मातीला लागली तर हार. पाठ लागली नाही तर हार नाही.

आता त्या दिवसाचं बोलते. गोऱ्या सार्जंटाच्या लढतीचं. शंकरअप्पांनी आज ती अशी रंगवली की पोरं मांडी सोडून गुडघ्यावर आली. अप्पा, तुम्ही सांगितलं त्यात खोटं काही नाही. फक्त थोडं राहिलं. ते मी सांगते, कारण मीही तिथं होते. आम्ही बायका छावणीच्या मैदानाच्या कडेला बैलगाडीत होतो, पडदा थोडा बाजूला करून.

सार्जंटाचा ठोसा कानशिलावर बसला. दत्तू गुडघ्यावर आला, मग तोंडावर. साहेब वाकून आकडे म्हणू लागला. मी मॅट्रिक झालेली आहे, मला इंग्रजी आकडे कळतात. मी ऐकत होते. दत्तू पडून होता. त्याला पडून राहायचा हक्क होता. दहा झाले. साहेबानं सार्जंटाचा हात वर केला. सार्जंट आपल्या मोज्यांच्या दोऱ्या सोडायला लागला. मला वाटलं, देवी पावली. संपलं. आता घरी जायचं.

आणि मग तुम्ही ओरडलात.

"पाठ न्हाई लागली बे!"

एकजण ओरडला, मग शंभरजण. "पाठ कुठं लागली? पालथा हाय त्यो! निकाल कावून देता?" तुम्ही दोर ओलांडून आत गेलात. साहेबाला घेरलंत. त्या सगळ्या गर्दीत एकटे करीमचाचा, टांगेवाले, ते आज मागे दाराशी बसलेत, ते हात पसरून सांगत होते, "बैठन दो रे उसकू! गिनती हो गई!" चाचा पूर्वी छावणीत घोड्यांची चाकरी करायचे, त्यांना कायदा ठाऊक होता. तुम्ही त्यांना ढकललंत. त्यांची टोपी पायाखाली गेली. चाचा, खरं की नाही?

दत्तूच्या काखेत हात घालून त्याला कोणी उभं केलं? नाव घेत नाही. तो माणूस इथं आहे आणि आज त्यानं हार घातलाय. "ऊठ दत्त्या, गावाची अब्रू हाय!" दत्तू उठला नाही, मंडळी. त्याला उठवलं. त्यानं माझ्या गाडीकडे पाहिलं, पण त्याला गाडी दिसत नव्हती. मला ते कळलं. तुम्हाला इतक्या जवळून कसं कळलं नाही?

साहेब घाबरला, पुन्हा चालू करा म्हणाला. सार्जंट मान हलवत होता. नको म्हणत होता. तुम्ही त्याला शिव्या दिल्यात. मग त्यानं तीन ठोसे मारले. तिसऱ्यानंतर त्यानं दत्तूच्या डोळ्यांत पाहिलं, हात खाली सोडले, दोराखालून वाकून निघून गेला.

"गोरा पळाला!" असं तुम्ही ओरडलात. आजही अप्पा तसंच म्हणाले. अप्पा, तो पळाला नाही. आंधळ्या झालेल्या माणसाला मारायला त्याचा हात धजला नाही. त्या मैदानात दत्तूची कीव आली ती एका टांगेवाल्याला आणि ज्यानं मारलं त्याला. गावाला आली नाही.

तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलात. नंतर आमच्या गाडीत टाकलंत. परतीच्या वाटेनं तो मला विचारत होता, "वैनी, आपन निघालो का?" मी म्हणायचे, "निघालो भाऊजी." जरा वेळानं पुन्हा, "वैनी, आपन निघालो का?" घर येईपर्यंत तेवढंच.

पुढची वर्षं तुम्ही पाहिलीत. हातातली भाकर गळून पडायची. जीभ जड झाली. चालताना तोल जायचा. आणि तुम्ही, त्याला खांद्यावर घेणारे तुम्ही, चावडीसमोर म्हणायचात, "दत्तू पिऊन आला." योगेश्वरी देवीची शपथ घेऊन सांगते, त्यानं थेंबाला तोंड लावलं नाही. त्यानं मला विचारलं होतं, "वैनी, लोकं असं कावून म्हनत्यात?" मी म्हटलं, "भाऊजी, गार होतंय, जेवून घ्या."

मला कोणाशी भांडायचं नाही. भांडून तो येणार नाही. देवी सगळं बघते, तिच्यावर मी सोडलंय. पण जत्रेच्या लढतीचा जो कागद तालमीच्या दाराला लावलाय, तो मी वाचला. त्यावर लिहिलंय, आकडे म्हणायचे नाहीत, पाठ लागेपर्यंत लढायचं. दत्तूच्या स्मरणार्थ. दत्तूला जी एक गोष्ट या खेळात आवडली होती, तीच तुम्ही काढून टाकलीत, आणि वर त्याचं नाव घातलंत.

माधव परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. मोजे घालायला दादानंच शिकवलं त्याला. त्याचं पत्र आलंय. लिहितो, "वैनी, तालमीचा सांगावा आला. दादाच्या नावानं लढायचं म्हणतात. न्हाई म्हटलं तर दादाचं नाव जाईल. मी काय करू?" मी नको म्हटलं तर तो ऐकणार नाही. म्हणेल, वैनी भ्याली. मी भ्यालेय, ते खरंच आहे. माझ्या हातानं वाढवलेला एकच उरलाय.

हैबती वस्ताद, तुम्ही पुढे बसला आहात, तुमच्याकडे बघून बोलते. दोघांच्या कमरेला लंगोट तुम्ही बांधलात. तुमचा शब्द माधव मोडत नाही. त्या दिवशी मैदानात तुम्ही ओरडला नाहीत, पण थांबा असंही म्हणाला नाहीत. आज म्हणा. तुम्हाला लिहिता येत नाही, मला येतं. तुम्ही सांगा, मी लिहिते, खाली तुमचा अंगठा.

मंडळी, आता आपण उभं राहून दत्तूसाठी शांत राहायचं आहे. या गावानं त्याच्यासाठी पुष्कळ आवाज केला, आता जरा वेळ तोंड मिटून उभं राहा. मी डोळे मिटून देवीचं नाव घेईन. ते झालं की, वस्ताद, घरी जाण्याआधी माझ्यापाशी या. उद्या सकाळी डाक निघते. पोरगं उत्तराची वाट बघतंय. 'येऊ नकोस' एवढं त्याला उलट टपाली कळवा.