दसरा उलटल्यावर फुललेला झेंडू

आम्ही माळी, नाशिकच्या शिवेला मळा, भाजीपाला अन् झेंडू, आजापासून तेच. पण काय सांगू तुम्हाला, माझं मन एका वाफ्यावर कधी टिकलंच नाय. खुरपायला बसलो की मोटर आठवायची, मोटरीकडं निघालो की वाटेत कुणाच्या तरी सायकलीचं पंक्चर काढत बसायचो, अन् खुरपं तिकडं उन्हात. बाप कामचोर म्हणायचा, मलाही तसंच वाटायचं.

नव्वद सालानंतर थोरला भाऊ गेला अन् मळा माझ्या अन् वयनीच्या अंगावर आला. वयनी कधी रागावली नाय. सकाळी चहा घेऊन बांधावर यायची, म्हणायची, भावजी, आज काय करणार, एकच सांगा. मी सांगायचो. मग ती तिथंच लसूण सोलत बसायची, दिवस कलला की विचारायची, झालं का? नाय झालं तर म्हणायची, कुठं अडलं? बस, एवढंच. अन् कामं होत होती बघा, लय होत होती.

पण पारावर कुणी हसलं, दामूला अजून राखण लागते म्हणालं. माझं डोकं फिरलं. वयनीला म्हणलं, उद्यापासून येऊ नका, मी काय लेकरू हाय? ती टोपली उचलून गेली.

त्या साली झेंडूचं रोप तयार होतं, लावायचं तेवढं राह्यलेलं. आज लावू, उद्या लावू, मधेच घोटीला पाव्हण्याकडं भाताची लावणी बघायला गेलो अन् तिथंच रमलो. रोप लागलं तेव्हा तीन आठवडे उलटलेले. दसऱ्याला शेतात नुसत्या कळ्या. भाऊ दर दसऱ्याला आळीतल्या दारोदार आपल्या मळ्याची फुलं द्यायचा, त्याच्यामागं वयनीनं ते मोडू दिलं नव्हतं. त्या दिवशी ती पिशवी घेऊन बाजारात गेली, माळ्याच्या घरानं फुलं विकत आणली, आळीत वाटली. दसरा उलटला अन् सगळं शेत पिवळं झालं. आजही आठवलं की मान खाली जाते.

तिच्या दारात जाऊन म्हणलं, वयनी, चुकलो, या ना बांधावर. ती म्हणाली, मी राखण करत नव्हते भावजी, सोबत बसत होते. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बांधावर आली.

मागच्या साली नर्स असलेल्या पुतणीनं मला डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, हा आळस नाय, मेंदूची ठेवणच अशी असते काही जणांची, मोठेपणीही राहते. गोळी देतो, पण न रागावता विचारणारं माणूस सोडू नका. त्याच माणसाला मी हाकललं होतं.

आता वयनीचे गुडघे गेले. सकाळचा चहा मीच तिच्या ओट्यावर नेतो, आज काय करणार ते सांगतो. देव तिला उदंड आयुष्य देवो. संध्याकाळी हात न धुताच जातो, माती दिसली पाहिजे तिला.